शेवट ज्योतीरामाचा

१८ जानेवारी १९७९, गुरुवार

कंपनीची डायरी मिळाली. टाइम ऑफिसातल्या माणसाला दरवर्षी मिळते आणि दरवर्षी मी ती मेहुण्याला देऊन टाकतो. या वर्षी ठेवून घेतली आहे. लिहिण्यासारखं काहीतरी घडतं आहे.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांची वीज बंद, म्हणून सुट्टी. एस.टी.ने महाळुंग्याला आबाजींकडे गेलो. पोचलो १०.२०. दारात मोटरसायकल. ओसरीवर मानेपर्यंत केस वाढवलेला तिशीतला एक माणूस बशीतून चहा प्यायचा प्रयत्न करत होता. नाव सुरेंद्र. चिंचवडचा. पुण्याच्या कॅम्पातल्या हॉटेलांत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, आता मुंबईच्या एका कंपनीसाठी तबकड्या तयार करतो. जुन्या बाजारात त्याला आबाजींची एक तबकडी सापडली, ती ऐकून तो पत्ता शोधत आला. त्याला आबाजींची नवी तबकडी काढायची आहे. लाँग प्ले, दोन्ही बाजू.

शाहीर आबाजी महाळुंगकर कोण, हे एके काळी खेडपासून मावळापर्यंत कुणाला सांगावं लागत नव्हतं. शेवटचा कार्यक्रम एकाहत्तर साली झाला. पुढे लोक ऑर्केस्ट्राला जायला लागले आणि आबाजींनी दोन म्हशी घेतल्या. आता वय त्रेसष्ट. आवाज आहे तसाच आहे, म्हशी साक्ष देतील.

"माझं संगीत रॉक आहे, शाहीर," सुरेंद्र म्हणाला.

"म्हंजे खडकीला पलटणीत वाजवत्यात त्ये?" आबाजींनी विचारलं.

सुरेंद्र म्हणाला की साधारण तेच. मला तो माणूस आवडला.

मग त्याने अट सांगितली. त्याला फक्त आबाजींचा आवाज, आबाजींचा डफ आणि स्वतःची गिटार हवी. तुणतुणं नको, झील नको. "काका, राग मानू नका. ते 'जी जी रं जी' सुरू झालं की गाणं वस्तुसंग्रहालयात जातं."

इथे माझा संबंध येतो, म्हणून लिहितो. तीस वर्षं मी आबाजींचा झीलकरी होतो. तुणतुणं माझं, झील माझी. शाहिराने ओळ उचलायची आणि झीलकऱ्याने ती ठेवायची, अशी आमची पद्धत. म्हणजे ओळीतले शेवटचे एकदोन शब्द शाहीर म्हणत नाही. ते मी म्हणायचे, वर 'जी जी' लावायचं, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुला चालंल का रं?"

"मला काय," मी म्हटलं, "माझी नोकरी आहे."

परतीच्या एस.टी.त वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही.

२१ जानेवारी

कस्तुराला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं की आबाजींची तबकडी निघणार आहे आणि मी नाही. ती म्हणाली, "परत?"

हे परत काय, तेही लिहितो. सत्तावन्न साली मुंबईच्या कंपनीने आबाजींची पहिली तबकडी काढली होती. आम्ही दोघं बरोबर गेलो. तिथल्या साहेबाने सांगितलं की झीलकरी आमचेच आहेत, कोरस पगारी आहे. मी बाहेर बाकावर बसलो, साडेतीन तास. आबाजी बाहेर आले, आम्ही उसळ-पाव खाल्ला आणि घरी आलो. मला काही वाटलं नव्हतं. ती तबकडी माझ्याकडे आहे. धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे. ऐकायचा योग आला नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ध्वनिमुद्रणाचा पहिला दिवस. जागा म्हणजे चिंचवड स्टेशनजवळ सुरेंद्रच्या वडिलांचं बंद पडलेलं वर्कशॉप. भिंतींना पिंपरी कॅम्पातून आणलेल्या कापसाच्या गाद्या टांगल्या आहेत. शेजारी प्रेस शॉप आहे, तिथे इतर दिवशी दर चार सेकंदांनी जमीन हादरते. म्हणून ध्वनिमुद्रण फक्त गुरुवारी, वीज मागच्या घरातून ओढून. मी आबाजींना बसस्टँडवरून आणायचं काम अंगावर घेतलं आहे. त्यांच्या खांद्याला एक लांबलचक पिशवी होती. दोन भाकऱ्यांना एवढी पिशवी कशाला लागते, कळलं नाही.

सुरेंद्रने मला काचेच्या अलीकडे, टेपच्या मशीनवरच्या माणसाजवळ बसवलं. ११.१५ ला पहिली टेप. गाणं भामा नदीच्या पुराचं, आबाजींचं सगळ्यात गाजलेलं. एक नावाडी पुरातून गाव बाहेर काढतो. अकरा खेपा नीट होतात. बाराव्या खेपेला तो जातो तो जातोच. शेवटची ओळ आहे, "बाराव्या खेपेला गेला, नावाडी परत", आणि पुढे झील, "आला न्हाई, जी जी". या ठिकाणी बाया हमखास रडायच्या.

आबाजींनी पहिली ओळ म्हटली आणि शेवटचे दोन शब्द सोडून थांबले. दुसरी म्हटली, थांबले. सुरेंद्रने गिटार खाली ठेवली.

"शाहीर, ओळ पूर्ण करा."

"क्येली की."

"शेवट राहिला."

"त्यो माझा न्हाई. त्यो ज्योतीरामाचा."

"हो, पण आता तुम्हीच म्हणायचाय."

आबाजी डफावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला त्यो येतच न्हाई."

सुरेंद्र हसला. आबाजी हसले नाहीत. पुढे दोन तास तेच झालं. एकही ओळ पूर्ण झाली नाही.

नोंद: आबाजींना शेवट येत नाहीत. तीस वर्षं बाजूला उभा होतो, मला आज कळलं. हे माझ्यामुळे झालं. मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडचं उचलत राहिलो आणि त्यांना कधी पाठ करू दिलं नाही. मुंबईवाल्यांनी ३१ मार्चची मुदत दिली आहे. त्याच्या आत टेप गेली नाही तर विषय संपला. आबाजींना यापुढे कुणी विचारायला येणार नाही, आणि याला कारण मी असेन.

१३ फेब्रुवारी

पहिली पाळी संपवून ३.४५ ची एस.टी. धरली. चार रात्री जागून मस्टरच्या कोऱ्या पाठीवर सगळी गाणी लिहून काढली होती. डावीकडे ओळ, उजवीकडे तिचा शेवट. एकूण एकशे बेचाळीस शेवट. आबाजी वाचतील आणि पाठ करतील, असा बेत.

आबाजींचा चष्मा हरवला होता.

मी कोनाडे बघितले, गोठा बघितला, कणगीमागे बघितलं. तुणतुण्याची खुंटीही रिकामी होती. एकाहत्तरपासून माझं तुणतुणं तिथेच असतं. उंदरांमुळे हलवलं असेल. शेवटी शालनवहिनी, आबाजींच्या मंडळी, चुलीपुढून म्हणाल्या, "नका हुडकू भावजी. त्यांचं गाणं भरून झालं की घावंल चष्मा."

त्यांना कसं ठाऊक, हे विचारायला हवं होतं. पण सहाची गाडी गाठायची होती. मग मीच तोंडी सांगितलं आणि आबाजींनी माझ्यामागून म्हटलं. फार नम्रपणे म्हटलं. आबाजींना नम्र झालेलं मी पूर्वी पाहिलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पाठांतराचा परिणाम दिसला, पण वेगळाच. आबाजी आता शेवट म्हणतात, मात्र चुकीचे. कांद्याच्या गाडीचं जे विनोदी गाणं आहे, त्यात गाडी चाकणच्या बाजारात 'पहिली लागली' असं आहे. आबाजींनी ती 'उलटली' केली. गाणं तिथेच संपलं, कारण उलटल्यावर पुढे सहा कडवी ती कशी चालणार. पुराच्या गाण्यात त्यांनी "नावाडी परत आला, जी" असं म्हटलं.

"आला?" सुरेंद्रने विचारलं.

"आला तर बरंच हाय की," आबाजी म्हणाले. "बायकापोरं हायती त्याला."

सुरेंद्रने मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन दोन सिगरेटी ओढल्या. मी आबाजींना रागावलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, "वय झालं रं." मला शरम वाटली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सुरेंद्रने हार मानलेली नाही. तो म्हणाला, शेवट नसले तर नसू देत, त्या शांततेत गिटार वाजवू. तसं करून बघितलं. त्याला फार आवडलं. "काका, ही शांतता ऐका." मी ऐकली. मला त्या प्रत्येक ठिकाणी माझं तोंड उघडलेलं सापडत होतं. दोनदा मी काचेच्या अलीकडे हळू म्हटलंही. मशीनवरच्या माणसाने बोट ओठांवर ठेवलं. मी माफी मागितली.

नमुना मुंबईला पाठवला आहे.

१ मार्च, गुरुवार

मुंबईचं उत्तर आलं. त्यांना वाटलं, टेप जागोजागी तुटली आहे. चांगली टेप पाठवा म्हणतात.

सुरेंद्रने आता त्याचा मित्र नंदकिशोर याला बोलावलं. तो ड्रम वाजवतो आणि गळाही बरा आहे. शेवट त्याने म्हणायचे. मी माझे मस्टरचे कागद त्याला दिले आणि कुठे उचलायचं ते तासभर शिकवलं. मन लावून शिकवलं. पोरगा हुशार आहे, अकराव्या ओळीपर्यंत त्याला जमलंही होतं.

पण आबाजींना खोकला झाला. नंदकिशोरने तोंड उघडलं की खोकला यायचा. तो चहा प्यायला बाहेर गेला की थांबायचा. मी सुरेंद्रला सांगितलं की गाद्यांतल्या कापसाचा त्रास होत असावा. त्याने गाद्या झटकून घेतल्या. खोकला राहिलाच. साडेतीनला नंदकिशोर म्हणाला, त्याला दुसरीकडे तालीम आहे.

घरी कस्तुराने विचारलं, "नवा झीलकरी कसा आहे?" मी म्हटलं, चांगला आहे. जेवण गेलं नाही.

६ मार्च

आज आनंदाची गोष्ट. न कळवता महाळुंग्याला गेलो. मागच्या वाटेने येत होतो, तर गोठ्यातून आवाज. आबाजी म्हशीला आंबोण घालत पुराचं गाणं म्हणत होते. सगळं. शेवटांसकट. एकही चुकला नाही. नावाडी परत आला नाही. मी गोठ्याबाहेर उभा राहून एकशे बेचाळीसपैकी अडतीस शेवट मोजले, ते सगळे बरोबर होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाठांतराला यश आलं.

मी समोर गेलो तसे ते गप्प झाले. मी म्हटलं, "आबा, येतंय की तुम्हाला!"

"काय येतंय?" ते म्हणाले. "म्हस येतीया तिसऱ्यांदा व्यायला."

शालनवहिनींनी पदर तोंडावर घेतला होता. त्यांना गोठ्यातल्या धुराचा त्रास होत असणार.

८ मार्च, गुरुवार

मायक्रोफोनपुढे पुन्हा काही आलं नाही. मी सुरेंद्रला समजावलं, की म्हशीपुढे येतं, यंत्रापुढे येत नाही, दडपण आहे. सुरेंद्र माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने काचेतून आबाजींकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. "काका," तो म्हणाला, "तुम्ही टाइम ऑफिसमध्ये किती वर्षं आहात?" मी सांगितलं, एकोणीस. "कुणी दुसऱ्याचं कार्ड पंच करून तुम्हाला फसवत असेल तर कळतं?" मी म्हटलं, लगेच कळतं. तो हसायला लागला. त्याचा काय संबंध, ते समजलं नाही.

तीन गुरुवार उरले आहेत.

१५ मार्च, गुरुवार

११.०५ ला सुरेंद्रने काचेचं दार उघडून मला म्हटलं, "काका, आत या. शेवट तुम्ही म्हणा."

मी नाही म्हटलं. खरं कारण लिहितो. मला राग आला होता. दोन महिने नको होतो, नंदकिशोर चालत होता, आता कुणीच उरलं नाही म्हणून मी. असा राग मला सत्तावन्न सालीही आला होता आणि तेव्हाही मी तो दाखवला नव्हता. वर म्हटलं की बाईसाहेबांची गिटार आहे तिथे झील शोभणार नाही. सुरेंद्रला बाईसाहेब का म्हटलं, ठाऊक नाही, केसांमुळे असेल, तोंडातून गेलं.

"आणि माझं तुणतुणंही नाही इथे," मी म्हटलं.

आबाजी उठले. खांद्यावरची ती लांबलचक पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि आतून जुन्या धोतरात गुंडाळलेलं माझं तुणतुणं काढलं. तार नवी होती.

"आज नेमकं कसं आणलं?" मी विचारलं.

"असंच," आबाजी म्हणाले.

मी आत गेलो. उभं कुठे राहायचं, ते मला कुणी सांगितलं नाही. आबाजींच्या डावीकडे, एक पाऊल मागे. तिथे जागा होतीच, मधेच कुणी माइकचा खांबही ठेवला नव्हता, वायरी त्या बाजूने टाकलेल्या नव्हत्या. दुपारी दोनपर्यंत पाच गाणी झाली. कांद्याची गाडी पहिली लागली. सुरेंद्र गिटार घेऊन आमच्या मधे शिरायचा, बाहेर जायचा, पुन्हा यायचा, आणि आबाजी त्याला मानेने वाट दाखवायचे. खोकला अजिबात नव्हता.

२२ मार्च, गुरुवार

फक्त पुराचं गाणं राहिलं होतं. ११.४० ला सुरू झालं.

ते नीट चाललं होतं. नीट कसलं, असं ते पूर्वी कधी झालं नव्हतं. सुरेंद्र गिटारवर पाणी चढवत होता, आबाजींचा डफ त्यावरून नाव हाकत होता. आठवी खेप, नववी, दहावी. प्रत्येक ओळ आबाजी उचलत होते आणि मी ठेवत होतो. मागचा गुरुवार सोडला तर आठ वर्षं मी कुणाची ओळ ठेवलेली नाही. मस्टरवर लाल शाईने लेट मार्क केले, तेवढंच. अकरावी खेप झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे गाणं आता संपणार, आणि पुन्हा माझ्यावर ते म्हणायची वेळ यायची नाही.

आबाजींनी शेवटची ओळ उचलली. "बाराव्या खेपेला गेला, नावाडी परत..."

माझा आवाज फुटला नाही. तोंड उघडलं, तेवढंच. तुणतुणं वाजत होतं, टेप फिरत होती.

आणि आबाजींनी म्हटलं, "आला न्हाई."

सुरात, जागच्या जागी, माझ्या पट्टीत. 'जी जी'सुद्धा त्यांनीच लावलं, मी लावतो तशी शेवटची जी खाली सोडून. माझी ती लकब आहे, ती दुसऱ्या कुणाला येत नाही.

सुरेंद्रने गिटार शांत केली. मशीनवरच्या माणसाने बटण दाबायलाही वेळ लावला. सुरेंद्र म्हणाला, "हीच टेप जाईल," आणि बाहेर सिगरेट ओढायला गेला.

बसस्टँडवर आबाजी आणि मी बाकावर बसलो. चाकणची गाडी उशिरा होती, वीस मिनिटं.

मी म्हटलं, "तुम्हाला येत होतं."

"व्हय."

"सगळे?"

"तीस वरसं कानाशी बोंबलत व्हतास. न येऊन जातंय कुठं?"

"मी चार रात्री जागून लिहिलं, तुमच्याकडून पाठ करून घेतलं."

"चांगलं शिकवतूस," ते म्हणाले.

मी म्हटलं, सरळ सांगितलं असतंत तर.

"तू आला असतास?"

मी विचार केला. नसतो आलो. म्हटलं असतं, माझी नोकरी आहे.

आबाजी रस्त्याकडे बघत होते. "सत्तावन्नला म्या येकटा आत ग्येलो. त्या भाडोत्री लोकांनी म्हटलं जी जी, आन म्या गप गात ऱ्हायलो. ती तबकडी म्या अजून ऐकली न्हाई, ज्योत्या."

मी सांगितलं की मीही ऐकलेली नाही. ट्रंकेत आहे. आम्ही दोघंही बावीस वर्षं एकच तबकडी न ऐकता बसलो होतो. मग मला रडू आलं. स्टँडवर लोक होते, सुट्टीची गर्दी होती, ओळखीचेही दोघं-तिघं होते. तरी आलं. आबाजींनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी येईपर्यंत तसेच बसले.

२४ मार्च

महाळुंग्याहून निरोप आला. चष्मा सापडला.

५ एप्रिल, गुरुवार

सुरेंद्र मोटरसायकलवरून मोरवाडीला खोलीवर आला. टेप मुदतीत पोचली आणि मुंबईला पसंत पडली. कव्हरवर आबाजींच्या नावाखाली 'झील : ज्योतीराम' असं छापणार आहेत. एक शंका त्यांनी विचारली होती. शेवटच्या ओळीचा शेवट झीलकऱ्याचा वाटत नाही, तिथे कोण गायलं आहे, ते वेगळं छापायचं का?

मी म्हटलं, नको. तो शेवट माझाच आहे.

कस्तुराने त्याला चहा दिला. आता त्याला बशीतून पिता येतं.

तो गेल्यावर ही डायरी पहिल्यापासून वाचली. टाइम ऑफिसात चुकीची नोंद खोडायची नसते. खाली दुरुस्ती लिहून सही करायची असते. तेवढं करतो.

दुरुस्ती. ता. ८ फेब्रुवारी : 'आबाजींना शेवट येत नाहीत' याऐवजी 'आबाजी शेवट माझ्यासाठी ठेवतात' असे वाचावे.

— ज्योतीराम, टाइमकीपर